पेडर रोडची कांचनजंगा: कोपरे कोणी कापले आणि का?

पागोळी

मागच्या धाग्यावर "टॉवर म्हणजे एकावर एक रचलेली खुराडी, त्यात आर्किटेक्चर कसलं आलंय?" अशी पिंक कोणीतरी टाकून गेलं. तिथे पार्किंगवरून आधीच जुंपलेली होती, म्हणून हा वेगळा धागा.

मी एकाच इमारतीबद्दल लिहिणार आहे. पेडर रोडच्या अंगाला, कंबाला हिलवर 'कांचनजंगा' म्हणून एक इमारत आहे. पांढरट, सरळसोट, चौकोनी. पण तिचे कोपरे मधूनमधून गायब आहेत, दोन-दोन मजले उंचीचे कोरून काढलेले. त्या पोकळ्यांत झाडं आणि रंगीत भिंती दिसतात. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासोबत केलेलं हे काम. १९७० साली सुरू झालं, १९८३ साली संपलं. प्लॅन २१ मीटर बाय २१ मीटर, उंची ८४ मीटर, म्हणजे एकास चार. आत फक्त ३२ फ्लॅट, तीन बेडरूमपासून सहा बेडरूमपर्यंत चार प्रकारचे. इमारत श्रीमंतांचीच आहे, हे मीच आधी लिहून टाकते, म्हणजे त्यावरचे वीस प्रतिसाद वाचतील. (वाचणार नाहीत, ठाऊक आहे.)

आता मुंबईत घराचं तोंड कुठे करायचं ते बघा. वारा समुद्रावरून येतो, म्हणजे पश्चिमेकडून. समुद्रही तिकडेच, आणि पूर्वेला बंदर. त्यामुळे वारा आणि देखावा दोन्ही हवे असतील तर घर पूर्व-पश्चिम उघडायला हवं. पण दुपारनंतरचं रणरणतं ऊन पश्चिमेचंच आणि जून ते सप्टेंबर पावसाची झडही तिकडूनच. जी बाजू उघडायची तीच झाकायचीही. बहुतेक बिल्डर हा पेच सोडवतच नाहीत. मोठी काच लावतात, काचेमागे पडदा आणि पडद्यामागे एसी.

जुन्या बंगल्यांनी तो कधीच सोडवला होता. घराभोवती व्हरांडा फिरवायचा. ऊन-पाऊस काय ते व्हरांड्याने सोसायचं, खोली आत सावलीत, आणि वारा दोन्हींतून आरपार. कोरियांनी हे आधी सोनमार्ग अपार्टमेंटमध्ये (मुंबईच, १९६१ ते ६६) करून पाहिलं. तिथे व्हरांडे, अभ्यासिका, बाथरूम अशा दुय्यम जागांचा पट्टा बाहेरच्या बाजूला आणि मुख्य खोल्या आत. कांचनजंगात तोच पट्टा कोपऱ्यांत गोळा केला आणि दोन मजले उंच करून त्याची बागच केली. कोपराच उघडा असल्यामुळे वारा दोन बाजूंनी येतो. मधल्या भिंतीत कोरलेल्या बाल्कनीला ते जमत नाही.

लोक या इमारतीचे फोटो बाहेरून काढतात, पण तिची खरी गंमत सेक्शनमध्ये आहे, म्हणजे इमारत उभी कापली तर जे चित्र दिसेल त्यात. फ्लॅट एका पातळीवर सपाट पसरलेले नाहीत. आत पायऱ्या आहेत, पातळ्या बदलतात, एकाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाशी अडकवलेला आहे. कोपऱ्यातल्या पोकळ्या एकाखाली एक न येता वरखाली सरकतात त्या यामुळे. दर्शनी भाग नटवण्यासाठी केलेला तो खेळ नाही, आतल्या फ्लॅटांची गुंफण बाहेर दिसते एवढंच.

आणि नावांबद्दल थोडं. कोरियांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, प्रवीणा मेहतांचं आर्किटेक्चरच्या पोरांनाही नसतं. स्वातंत्र्यचळवळीत उतरलेली, जेजेमधून शिकागोपर्यंत शिकायला गेलेली ही बाई. तिसरं नाव तर क्वचितच कुणी घेतं: शिरीष पटेल, स्ट्रक्चरल इंजिनीअर. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल (१९६५, देशातला पहिला) त्यांचाच. याच तिघांनी साठच्या दशकात मुंबईचा लोंढा खाडीपलीकडे वळवावा म्हणून नव्या शहराचा प्रस्ताव मांडला होता, त्यातून पुढे नवी मुंबई झाली. लाखो लोकांचं शहर आणि ३२ श्रीमंत कुटुंबांची इमारत, दोन्हींच्या मागे तीच माणसं.

माझा प्रश्न साधा आहे. १९८३ नंतर मुंबई-ठाणे-पुण्यात एवढे टॉवर उठले, मग हे कोणीच का उचललं नाही?

---

चौथा_मजला

उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे की ताई. तीन ते सहा बेडरूम! आमच्या टू बीएचकेत कोपरा कापला तर हॉलच शिल्लक राहणार नाही.

---

कोकणकडा

लेख आवडला. पण एक शंका. आमच्या गावच्या घराला पडवी आहे, उतरतं छप्पर पार खाली डोक्याला लागेल इतकं आणलेलं. तरी मे संपता संपता पश्चिमेला झापं बांधावी लागतात, नाहीतर आषाढात पडवीत पाऊल ठेवायची सोय नाही. इथे तुम्ही म्हणता दोन मजले उंच उघडा कोपरा, तोही डोंगरावर, तोही समुद्रासमोर. पाऊस थेट दिवाणखान्यात नाही का यायचा?

---

पागोळी

@कोकणकडा, नेमकं बोट ठेवलंत. गच्चीत, म्हणजे त्या उघड्या कोपऱ्यात, पाऊस येतो, आणि तो यावा असंच डिझाईन आहे. पडवी कोरडी ठेवायची असते कारण तिथे भात असतं, सरपण असतं, माणसं बसतात. इथे बाहेरच्या भागात माती आणि झाडं. ती भिजली तर बिघडलं काय? सांभाळायची आहे ती आतली खोली. म्हणून गच्ची खाली आणि राहायच्या खोल्या वरच्या पातळीवर. पाणी पायऱ्या चढून आत येत नाही. पातळीतला हा छोटासा फरक इथे फार कामाचा आहे.

उन्हाचंही सांगते. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे दोन फुटी छज्जा तिथे निव्वळ शोभेचा. दुपारी सूर्य ४५ अंशांवर असताना सहा मीटर उंचीच्या उघड्या जागेतून ऊन सहा मीटर आत येतं. गच्चीची खोली तेवढीच असेल तर ते मागच्या भिंतीच्या पायाशी संपतं. पाच वाजता कुठलाही छज्जा हरतो, पण मधले भाजणारे दोन-तीन तास निघून जातात.

@चौथा_मजला, तुमच्याकडे येतेच.

---

शटरिंगवाला

इंजिनीअर बिचाऱ्याचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. वीस वर्षं साइटवर काढली आहेत, तेव्हा थोडं आरसीसीचं.

कांचनजंगाच्या मध्यभागी लिफ्टचा गाभा आहे. वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा मार मुख्यतः तो घेतो. हा गाभा बाकीच्या इमारतीच्या आधी चढवला, स्लिपफॉर्म पद्धतीने. बहुमजली इमारतीसाठी ही पद्धत भारतात पहिल्यांदा वापरली ती इथेच. नेहमीच्या कामात शटरिंग (काँक्रीटचा साचा) लावा, काँक्रीट ओता, वाट बघा, शटरिंग खोला, वर न्या, पुन्हा लावा. स्लिपफॉर्ममध्ये मीटर-सव्वा मीटर उंचीचं शटरिंग जॅकवर बसवलेलं असतं आणि ते हळूहळू सतत वर सरकत राहतं. वरून ओतत राहायचं. शटरिंगच्या खालून जे काँक्रीट बाहेर येतं ते तोवर स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतकं आवळलेलं हवं. जास्त घाई केली तर ढासळतं, उशीर केला तर शटरिंगला चिकटून फाटतं. म्हणून दिवस-रात्र शिफ्ट लावाव्या लागतात. धान्याचे सायलो आणि चिमण्या अशाच करतात.

दुसरी गोष्ट ते कोपरे. तिथे खाली खांबच नाही! गच्च्या ६.३ मीटर बाहेर झुकलेल्या आहेत, कँटिलिव्हर. बाजूच्या शिअर वॉल, म्हणजे भार घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, त्यांना धरून ठेवतात. आपल्याकडे दीड मीटरच्या बाल्कनीचं कँटिलिव्हर असलं तरी नवशिका इंजिनीअर सळ्या तीनदा मोजतो. वरून माती. ओल्या मातीचा एक फुटाचा थर चौरस मीटरला पाच-सहाशे किलोपर्यंत जातो. घरातल्या खोलीला वापराचा भार म्हणून आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे आपण धरतो २०० किलो. म्हणजे जी जागा लोंबकळती, तीच सगळ्यात जड. बरं, कँटिलिव्हरमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असते. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावर नाचले आणि ती दोन इंच खाली दबली तर कागदावरचं डिझाईन कागदावरच राहतं. असं दबलेलं मी पाहिलंय, खोलून पुन्हा बांधायला लावलंय. आणि हे सगळं सत्तरच्या दशकात, आजचं सॉफ्टवेअर हाताशी नसताना. पटेलसाहेबांना दंडवत.

---

कोकणकडा

@पागोळी, पटलं. भिजायची जागा भिजू द्यायची. @शटरिंगवाला, भारी माहिती. गाभा आधी एकटाच उभा राहिला म्हणजे लोकांना ती गिरणीची चिमणीच वाटली असेल.

---

चौथा_मजला

इंजिनीअरिंग कौतुकाचं आहे, वाद नाही. पण आमच्या सोसायटीची कहाणी ऐका. मुंबई उपनगर, २००७ ची बिल्डिंग. प्लॅनमध्ये प्रत्येक बेडरूमच्या खिडकीबाहेर फ्लॉवर बेड. ताबा घेतला तेव्हा फ्लॉवर बेड कुठेच नाही, बेडरूमच दोन फूट मोठी. खिडकी सरकवून बाहेरच्या कडेला नेलेली. सगळे खूश! तिसऱ्या पावसाळ्यात कळलं की फ्लॉवर बेडचा स्लॅब मूळ स्लॅबपेक्षा खाली होता. तो विटांचे तुकडे टाकून भरला आणि वर टाईल चिकटवली. वॉटरप्रूफिंग मूळ कडेपर्यंतच. आता सगळं पाणी त्या भरावात साचतं आणि खालच्याच्या पलंगावर ठिबकतं. खालचा वरच्याशी बोलत नाही, वरचा म्हणतो बिल्डरला पकडा, आणि बिल्डर फोन उचलत नाही. सेक्रेटरी कोण? अस्मादिक.

तेव्हा सांगा, तुमच्या कांचनजंगाचा आम्हाला उपयोग काय?

---

पागोळी

@चौथा_मजला, उपयोग नाही, पण तुमच्या पलंगावर का ठिबकतंय याचं अर्धं उत्तर तिथे आहे. उरलेलं नियमांत.

मुंबईत १९९१ च्या नियमावलीत बाल्कनी ठराविक टक्क्यांपर्यंत एफएसआयच्या (प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेच्या) बाहेर असायची. फ्लॉवर बेड, निशेस (कोनाडे), व्हॉइड (पोकळ्या), हेही बाहेर. हेतू चांगला होता, घराला बाहेरची जागा मिळावी. झालं असं की फुकटचं क्षेत्र म्हणून सगळ्यांनी ते प्लॅनमध्ये दाखवलं आणि ताब्याच्या आधीच खोलीत ओढून घेतलं. विकताना त्याचे पैसेही घेतले. तुमची २००७ ची बिल्डिंग ऐन बहरातली. हा तमाशा इतका वाढला की जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवर बेड सगळं एफएसआयमध्ये मोजायला लागले आणि त्या बदल्यात निवासी बांधकामाला ३५ टक्के जादा, 'फंजिबल' एफएसआय प्रीमियम भरून दिला. तो कुठेही वापरा.

लबाडी थांबली, पण व्हरांड्याचा जीवही गेला. एक चौरस फूट बाल्कनीत घालायचा की बेडरूममध्ये, असा सरळ सवाल आल्यावर बिल्डर कुठे घालेल? बाकी महाराष्ट्रातही २०२० च्या एकत्रित नियमावलीपासून पी-लाईन आली. बांधकामाच्या बाहेरच्या रेषेच्या आतलं जवळपास सगळं धरायचं, बाल्कनीसकट. वर रेराचा (बिल्डरांवरच्या कायद्याचा) कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र. त्यात बाल्कनी येत नाही, तो आकडा वेगळा दाखवावा लागतो. ग्राहक दर काढतो कार्पेटवर. म्हणजे बाल्कनी नियमात मोजली जाते आणि ग्राहकाच्या हिशेबात मोजली जात नाही. दोन्हीकडून मार.

मी ज्या ऑफिसात होते तिथे एका प्रकल्पात आम्ही पश्चिमेला आठ फुटी गच्च्या काढल्या होत्या. सेल्सच्या माणसाने तिसऱ्या मीटिंगला विचारलं, "मॅडम, ह्याची बेडरूम होते का?" पाचव्या मीटिंगला त्यांच्या बेडरूम झालेल्या होत्या.

---

शटरिंगवाला

यात एक कारण राहिलं, आमच्या बाजूचं. मायवान.

आता बहुतेक टॉवर अॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये होतात. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतायचे, वीटकाम जवळजवळ नाहीच. सात-दहा दिवसांत एक स्लॅब. पण ते पॅनेल इमारतीच्या मापाने आधी बनवून घ्यावे लागतात आणि त्यांचा खर्च तेव्हाच निघतो जेव्हा तोच मजला तीस-चाळीस वेळा जसाच्या तसा ओतता येतो. त्याला म्हणायचं टिपिकल फ्लोअर. कांचनजंगात टिपिकल म्हणावं असं काय आहे? पातळ्या बदलतात, कोपरे सरकतात. मायवानवाल्याला ते ड्रॉइंग दाखवलं तर चहा न पिता निघून जाईल.

काँक्रीटची पातळ भिंत तापतेही लवकर. पश्चिमेच्या बेडरूममध्ये रात्री अकराला भिंतीला हात लावून बघा. आणि नंतर एखादी खिडकी मोठी करू म्हणाल तर विसरा, भिंतच स्ट्रक्चर आहे.

ताईंच्या आठ फुटी गच्च्या वाचून मात्र हळहळलो. अशा किती गच्च्यांच्या बेडरूम झालेल्या मी ओतल्या असतील.

---

पूर्वेकडचा

सिंगापूरहून. इथे हवा आपल्या जूनसारखी वर्षभर, आणि उंच इमारतींशिवाय दुसरं काही नाही. पण नियम उलट्या दिशेने जातात. खाजगी फ्लॅटना बाल्कनीसाठी जादा क्षेत्र मिळतं (आधी १० टक्के होतं, २०१९ पासून ७ केलंय), पण ती बंद करायला सक्त मनाई. हवा खेळती राहील अशा जाळीच्या मंजूर पडद्याशिवाय काही लावता येत नाही. इमारतीच्या अध्यामध्यात सार्वजनिक बागा, म्हणजे स्काय टेरेस केल्या तर त्यांच्यासाठीही सवलत आहे. २००९ पासून त्याची वेगळी योजनाच आहे.

फरक अंमलबजावणीचा. बाल्कनीला काच लावली की नोटीस येते, आणि ती खरोखर काढावी लागते. आपल्याकडे नियम नव्हते असं नाही, कोणी वर मान करून बघितलंच नाही.

---

चौथा_मजला

वर मान करून बघणाऱ्याचाही फ्लॅट त्याच बिल्डिंगमध्ये होता हो. :)

---

मांडवीकाठ

पणजीहून. कोरिया आमचे म्हणायचे का, तर मूळ गोव्याचं, जन्म सिकंदराबादचा (१९३०), शिक्षण मुंबई आणि मग अमेरिका (मिशिगन, एमआयटी), आणि काम मुंबईत. पण पणजीची कला अकादमी त्यांचीच. ती बांधली तोच काळ कांचनजंगाचा. मांडवीच्या काठाला आडवी, बुटकी, पुढे लांबच लांब सावलीचा मांडव, भर दुपारी कोणीही आत येऊन बसावं अशी. तिकडे तोच माणूस ८४ मीटर उंच बांधतोय आणि इकडे जमिनीला चिकटून, पण दोन्हीकडे उन्हातून एकदम खोलीत शिरायला लावत नाही. मधे अर्धवट उघडी जागा असतेच. आमच्या जुन्या घरांचा बाल्कांव तरी दुसरं काय? दारापुढे दोन बसायच्या बैठका आणि वर छप्पर. रस्ताही दिसतो आणि घरही सुटत नाही.

(अकादमीच्या नूतनीकरणावरून इथे जो राडा झाला त्यावर बोलायला बसलो तर धाग्याचा काश्मीर होईल, म्हणून थांबतो.)

---

रविवारची_डुलकी

थोडा विरोधी सूर लावतो. कांचनजंगाचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. कोरिया स्वतः उंच इमारतींचे फारसे भक्त नव्हते. गरीब देशात ठेंगण्या, दाटीच्या वस्त्या बांधाव्यात, माणसाला घराबाहेर उघडं आकाश मिळावं, हे ते सतत मांडत होते. उबदार हवेत अंगण ही अर्धी खोलीच असते, मजले चढवले की ती जाते, असा त्यांचा हिशेब. मग कांचनजंगा म्हणजे काय झालं? ज्याला परवडतं त्याला चौऱ्याऐंशी मीटरवर अंगण, बाकीच्यांनी लेख वाचायचे. आर्किटेक्टांना ही इमारत आवडते, कारण तिचा फोटो चांगला येतो.

---

पागोळी

@रविवारची_डुलकी, शेवटचं वाक्य सोडून सहमत. फोटो तर इम्पिरियलचाही चांगला येतो, ताडदेवचे ते दोन निमुळते मनोरे, हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचे, २५० मीटरच्या वर. किंवा अल्टामाउंट रोडवरचं अँटिलिया घ्या, पर्किन्स अँड विल या अमेरिकी कंपनीने केलेलं, १७३ मीटर. कांचनजंगा या सगळ्यांपुढे बुटकी. तरी शिकवताना बोर्डवर सेक्शन काढावा लागतो तो तिचाच, कारण तिथे प्रत्येक रेघेला कारण सापडतं. इतरांच्या बऱ्याच रेघांना 'दिसायला बरं' याच्या पलीकडे कारण निघत नाही. हे माझं मत, हफीझप्रेमींनी दगड जपून मारावेत.

तुम्ही म्हणता तो विरोधाभास मात्र खरा आहे आणि मला तो पुसायचा नाही. सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात ते सिडकोचे (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) मुख्य आर्किटेक्ट होते, त्याच वेळी बोर्डावर कांचनजंगा. मी तरी याकडे असं बघते की अंगण हवंच, हा हट्ट त्यांनी श्रीमंतांच्या टॉवरमध्येही सोडला नाही. गिऱ्हाईक सहा बेडरूमवाला असल्यामुळे तो पुरा करता आला. गिऱ्हाईक सिडको असताना काय केलं, ते बेलापूरला बघावं.

---

खाडीपल्याड

बेलापूरचं नाव निघालं म्हणून आलो. लहानपणापासून आर्टिस्ट व्हिलेजच्या जवळच राहतोय. कांचनजंगा संपली त्याच सुमाराला, १९८३ ते ८६ मध्ये हे बांधलं. साधारण सहा हेक्टर, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, बैठी आणि एकमजली घरं, उतरती कौलं. आठ बाय आठ मीटरचं एक चौक-अंगण, त्याभोवती सात-आठ घरं. असे तीन चौक मिळून मोठं अंगण, आणि पुढे तसंच वाढत जातं. डोक्याने केलेली गोष्ट अशी की शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवलेली नाही. प्रत्येकाचा तुकडा वेगळा, म्हणजे पैसे आले की आपापलं वाढवायचं, शेजाऱ्याची परवानगी नको.

आता लोकांनी खरंच वाढवलंय. मूळ कौलारू घरं थोडी राहिलीत, बाकीच्यांनी पाडून तीन-तीन मजले चढवले, दर्शनी ग्रॅनाइट, वर पत्रा. आर्किटेक्चरचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात आणि हिरमुसतात. मला त्यात हिरमुसण्यासारखं काही वाटत नाही. वाढवा म्हणून तर दिलं होतं. घरं बदलली तरी चौक कोणी बुजवले नाहीत. संध्याकाळी पोरं तिथेच क्रिकेट खेळतात आणि गणपती तिथेच बसतो.

---

रविवारची_डुलकी

@खाडीपल्याड, हे आवडलं. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय की खोडताय ते कळेना, पण आवडलं.

---

शटरिंगवाला

@चौथा_मजला, तुमच्या ठिबकण्याबद्दल, कारण ते सोडून सगळ्यावर बोलून झालं.

वरच्याच्या टाईलवर केमिकल मारणारे लोक येतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. टाईलच्या सांध्यात काहीही भरलं तरी पाणी खिडकीच्या चौकटीखालून आणि बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून आत जाणारच, कारण तो भराव आहे तिथेच आहे. भराव पूर्ण काढा. खालचा मूळ स्लॅब उघडा करा, सळई गंजली असेल तर आधी ती दुरुस्ती. मग स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथे नीट वाटा (सांध्यातली गोलाई) मारा, कोबा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, आणि पाणी जायला कडेला पाईप ठेवा. तो नेमका विसरतात. त्यानंतर तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्याच्या छताकडे बघा. कोरडं राहिलं तरच टाईल. आणि काम दिवाळी ते मार्चमध्ये करा, मे महिन्यात कंत्राटदार मिळत नाही आणि मिळाला तर तो घाईत असतो.

शिवाय बाहेरून एक छज्जा काढता येतो का ते आर्किटेक्टला विचारा. त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच ठेवायला सांगा, बोटभर रुंद पुरते. ती नसली की पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून सरपटत परत भिंतीकडे येतं. नव्या टॉवरांतही ही खाच राहून गेलेली दिसते, आणि तिला खर्च काय, तर शटरिंगमध्ये एक लाकडी पट्टी ठोकायची.

---

चौथा_मजला

@शटरिंगवाला, हे छापून नोटीस बोर्डावर लावतो. वरच्याला भराव काढायला तयार कसं करायचं ते एवढं सांगा.

---

शटरिंगवाला

ते आरसीसीत येत नाही. :)

---

कोकणकडा

कांचनजंगा आतून बघता येते का? पुढच्या महिन्यात मुंबईला येणं आहे.

---

पागोळी

नाही, राहती खाजगी इमारत आहे, उगाच गेटवर वाद घालू नका. रस्त्यावरून बघा, दुपारी तीन-चारच्या सुमाराला, म्हणजे ऊन कोपऱ्यात कुठपर्यंत शिरतं ते दिसेल. सकाळी गेलात तर पूर्वेच्या कोपऱ्यांत तेच.

---

खाडीपल्याड

@कोकणकडा, आणि वेळ काढून बेलापूरला या. सीबीडी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "आर्टिस्ट व्हिलेज" म्हणा, सगळ्यांना माहीत आहे. इथे गेटच नाही. फक्त रविवारी सकाळी येऊ नका, चौकात मॅच असते आणि बॉल लागतो.